उत्पादकतेचा हिशेब आणि हिशेबाबाहेरचा कामगार

मागच्या महिन्यात वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली आणि औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी पाच मुले आमच्याजवळ येऊन बसली. एकाच्या मोबाईलमध्ये कंपनीच्या नोटीस बोर्डाचा फोटो होता. गेल्या पाच वर्षांत दर कामगारामागे उत्पादकता ५० टक्क्यांनी वाढली, सर्वांचे अभिनंदन, असे त्यावर लिहिले होते. मुलांनी पगारवाढीची गोष्ट काढली तेव्हा साहेबांनी सांगितले की, ही वाढ नव्या यंत्रांमुळे झाली, तुमचा तिच्याशी काय संबंध? त्या मुलांपैकी एकाचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. त्यांना त्या काळी ऐकवले गेले होते की, कामगारांची उत्पादकता घसरली म्हणून गिरणी तोट्यात गेली. पोराने आम्हाला सरळ विचारले, "काका, उत्पादकता घसरली तर कामगारामुळे आणि वाढली तर यंत्रामुळे, हा कुठला हिशेब?"

प्रश्न साधा आहे, पण तो अर्थशास्त्राच्या एका मोठ्या वादाच्या मुळाशी जाऊन पोचतो. कारखाना आपली साधनसामग्री किती कसोशीने वापरतो आणि वर्षागणिक त्यात सुधारणा होते की घसरण, हे मोजायचे कसे? हे मोजण्याची विद्या आपल्या समाजाने परक्यांवर सोडून दिली आहे. 'आकड्यांचे आपल्याला काय कळते' म्हणून आपण मान डोलावतो आणि त्याच आकड्यांच्या जोरावर आपली नोकरी जाते, पगार गोठतो, पाळी वाढते. म्हणून आज हा हिशेब उलगडून पाहण्याचे आम्ही ठरवले आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली काय सांगितले?

हा विषय आपल्याला परका नाही. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत एक प्रदीर्घ निबंध लिहिला. त्या काळचे पंडित म्हणत होते की, शेते लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे. तुकडे जोडा, शेते मोठी करा, सगळे ठीक होईल. बाबासाहेबांनी या युक्तिवादाच्या पायालाच हात घातला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, असे त्यांनी मांडले. त्या जमिनीवर किती श्रम आणि किती भांडवल लागते, आणि या तिन्ही घटकांचे एकमेकांशी प्रमाण जुळते की नाही, त्यावर ते ठरते. ज्याच्याकडे आहे त्या जमिनीपुरतेही बैल आणि अवजारे नाहीत, त्याला आणखी जमीन जोडून दिली तर त्याची स्थिती सुधारायच्या ऐवजी बिघडेल. आणि शेतीवर जो माणसांचा फाजील भार पडला आहे, त्याला उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणजे एकाच घटकाकडे बोट दाखवून उत्पादनाचा निवाडा करू नका, सगळे घटक एकत्र धरून हिशेब करा, हा धडा बाबासाहेबांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिला. आज अर्थशास्त्रात ज्याला 'एकूण घटक उत्पादकता' म्हणतात, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

गोल आकड्यांतला हिशेब

त्या मुलांनी आपल्या कारखान्याची जी हकीकत सांगितली, ती आपण सोप्या, गोल आकड्यांत मांडू. समजा, पाच वर्षांपूर्वी तिथे १०० कामगार होते. आज पटावर ८० आहेत. यंत्रसामग्री तेव्हा १०० धरली तर आज ती १५० आहे. माल तेव्हा १०० निघत होता, आज १२० निघतो.

आता पहिला हिशेब, नोटीस बोर्डावरचा. १२० मालाला ८० माणसांनी भागा. दर माणशी दीड आले. पूर्वी एक होते. म्हणजे ५० टक्के वाढ. आकडा खोटा नाही.

दुसरा हिशेब यंत्राचा. १२० मालाला १५० यंत्राने भागा. उत्तर ०.८ आले. पूर्वी एक होते. म्हणजे यंत्रामागची उत्पादकता २० टक्क्यांनी घसरली! ही नोटीस बोर्डावर कुणी लावत नाही. भांडवल आळशी झाले, असा मथळा आम्ही आजवर कुठल्या भांडवलदारी वृत्तपत्रात वाचला नाही.

तिसरा हिशेब दोन्ही घटक एकत्र धरण्याचा. खर्चात श्रमाचा आणि यंत्राचा वाटा निम्मा निम्मा धरू. ८० चे निम्मे ४०, १५० चे निम्मे ७५, बेरीज ११५. म्हणजे कारखान्याने घातलेली एकूण सामग्री १०० वरून ११५ झाली आणि माल १०० वरून १२० झाला. १२० ला ११५ ने भागले तर खरी वाढ निघते जेमतेम ४ टक्के. अर्थतज्ज्ञ ही सरासरी अधिक बारकाईने काढतात, त्यामुळे नेमका आकडा थोडा बदलेल, पण मुद्दा बदलणार नाही. ५० टक्क्यांच्या डंक्यातला बहुतेक भाग हा माणसाच्या जागी यंत्र बसवल्याचा आहे.

गोष्ट इथे संपत नाही. आमच्यापुढे बसलेल्या पाच मुलांपैकी तिघे ठेकेदाराचे होते. कायम कामगार कमी झाले, पण त्यांचे काम कमी झाले नाही. तेच काम करायला ठेकेदारामार्फत माणसे आली. कंपनीच्या ताळेबंदात त्यांची मजुरी 'कामगार खर्च' या सदरात पडत नाही, बाहेरून घेतलेल्या सेवेच्या बिलात पडते. समजा, अशी २० माणसे आहेत. ती मोजली की श्रम पुन्हा १०० झाले. १०० चे निम्मे ५०, अधिक ७५, बेरीज १२५. आता १२० ला १२५ ने भागा. एकूण घटक उत्पादकता वाढलेली नाही, ती ४ टक्क्यांनी घसरलेली आहे!

एकच कारखाना, तीच पाच वर्षे, तोच माल. ५० टक्के वाढ, ४ टक्के वाढ आणि ४ टक्के घट, अशी तीन उत्तरे. फरक एवढाच की कुणाला मोजले आणि कुणाला मोजले नाही. ज्या तीन पोरांना नोटीस बोर्डावर अभिनंदन मिळाले, ती पोरे त्या हिशेबात नव्हतीच.

उरते ते कुणाच्या माथी?

अमेरिकेत रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली आपल्या देशाचा १९०९ ते १९४९ या चाळीस वर्षांचा हिशेब मांडला. दर तासाच्या श्रमामागचे उत्पादन त्या काळात दुप्पट झाले होते. त्यातला सुमारे आठवा हिस्सा वाढलेल्या भांडवलाने समजावता आला. बाकी सात हिस्से समजावता आले नाहीत. त्या उरलेल्या भागाला त्यांनी तांत्रिक बदल असे नाव दिले. त्याआधी एकच वर्ष मोझेस अब्रामोविट्झ यांनी अशाच उरलेल्या आकड्याबद्दल प्रांजळपणे सांगितले होते की, ते खरे तर आपल्या अज्ञानाचे माप आहे.

वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एकूण घटक उत्पादकता तराजूत घालून तोलली जात नाही. मालातून श्रम, यंत्र, कच्चा माल आणि वीज यांचा हिस्सा वजा केल्यावर जी बाकी उरते, ती म्हणजे उत्पादकता. त्या बाकीत नवे तंत्रज्ञान असते, व्यवस्थापकाची हुशारी किंवा नालायकी असते, कामगाराचे कौशल्य असते, बंद पडलेली वीज असते, आणि मोजणाऱ्याच्या चुकाही असतात. बाकीवर नाव लिहिलेले नसते. नाव मागाहून लिहिले जाते आणि ज्याच्या हाती पेन, तो नाव लिहितो.

वर्षागणिक तुलना करताना आणखी एक खड्डा असतो, किंमतींचा. कारखान्याचा माल रुपयांत मोजला जातो. भाव वाढले तर माल न वाढताही आकडा फुगतो, म्हणून महागाई वजा करावी लागते. पण मालाची महागाई वजा करायची की कच्च्या मालाचीही वेगळी? आपल्या देशात यावरून मोठा वाद झाला. १९९१ साली इशर जज अहलुवालिया यांनी आपल्या ग्रंथात मांडले की, १९८० च्या दशकात भारतीय कारखानदारीच्या उत्पादकतेने चांगले वळण घेतले. १९९४ साली पुलप्रे बालकृष्णन आणि के. पुष्पांगदन यांनी मुंबईतून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त तोच हिशेब पुन्हा केला. त्यांनी तयार माल आणि कच्चा माल यांचे भाव वेगवेगळे वजा केले. तसे करताच ते वळण दिसेनासे झाले. कारखाने तेच आणि वर्षे तीच असताना, भाव वजा करण्याच्या रीतीवरून एका दशकाची कीर्ती टिकली किंवा गेली. आणि अशाच आकड्यांच्या आधारावर उदारीकरणाच्या बाजूने आणि विरुद्ध निवाडे दिले जात होते.

गिरणीतला बंद दरवाजा

आता त्या पोराच्या वडिलांकडे, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांकडे येऊ. ग्रेगरी क्लार्क यांनी १९८७ साली जगभरच्या कापड गिरण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधला एक गिरणी कामगार जवळजवळ सहा हिंदी कामगारांइतके काम उरकत होता, असे त्यांनी दाखवले. यंत्रे तर बहुतेक ठिकाणी जवळजवळ सारखीच. मग फरक कशाचा? क्लार्क यांनी एकेक कारण तपासून बाजूला ठेवले आणि शेवटी जे उरले ते कामगारांच्या आणि त्यांच्या परिसराच्या माथी आले. पुन्हा तीच बाकी! मजूर स्वस्त होता म्हणून मालकांनीच एका यंत्रामागे जास्त माणसे लावली, यंत्र जास्त पिळले, हा मुद्दा या वादात इतरांनी मांडला आहे. त्यात आम्ही आणखी एक सवाल जोडतो.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात सर्वांत चांगला पगार मिळे. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत सवर्ण विणकराला चालत नसे. म्हणून आमच्या बापजाद्यांच्या वाट्याला कमी पगाराचे रिंग खाते आले. १९२८ साली मालकांनी एका विणकराकडे दोनाऐवजी तीन साचे देण्याची योजना आणली, काटकसर आणि कार्यक्षमता यांची भाषा सुरू केली आणि मुंबईत सहा महिने संप चालला. त्या संपकाळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला की, विणकाम खात्याचा दरवाजा अस्पृश्यांना उघडणार की नाही?

मालक कार्यक्षमतेचा हिशेब करत होते, संपवाले पोटाचा. पण चांगले विणू शकले असते असे हजारो हात निव्वळ जातीमुळे दुसऱ्या खात्यात अडकून पडले, या नुकसानीची नोंद कुठल्या वहीत आहे? १९३६ साली बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर आर्थिक अंगाने जो घाव घातला, तो याच ठिकाणी. उद्योग सतत बदलतो, माणसाला कुवतीप्रमाणे धंदा बदलण्याची मोकळीक हवी, जात ती मोकळीक हिरावते आणि म्हणून ती बेकारी निर्माण करते, असे त्यांचे म्हणणे होते. आजचे अर्थतज्ज्ञ याला साधनांची चुकीची वाटणी म्हणतात. चँग-ताई शिए आणि पीटर क्लेनोव यांनी २००९ साली अंदाज मांडला की, भारतात श्रम आणि भांडवल यांची कारखान्या-कारखान्यांतली वाटणी अमेरिकेइतकी सुरळीत असती तर कारखानदारीची उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी जास्त असती. त्यांनी जात मोजलेली नाही. पण चुकीच्या जागी अडकलेला माणूस म्हणजे काय, हे आमच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

दोष कामगाराचा की व्यवस्थेचा?

उत्पादकता कमी म्हणजे कामगार आळशी, या समजाला मुंबईच्या जवळच एक सणसणीत उत्तर मिळाले आहे. २००८ पासून निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव भागातल्या १७ कापड कंपन्यांत एक प्रयोग केला. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचे तज्ज्ञ फुकट दिले. त्यांनी कोणती जादू केली? यंत्रांची वेळेवर साफसफाई, सुताच्या गोदामाची नीट मांडणी, कापडातल्या दोषांची रोज नोंद, एवढेच. पहिल्याच वर्षात तिथली उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. कामगार तेच होते, माग तेच होते. बदलली ती कारभाराची रीत.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट बहुजनांनी कोरून ठेवावी. कंपनी किती मोठी होणार हे तिच्या कारभारावरून ठरण्यापेक्षा मालकाच्या घरात पुरुष किती, यावरून जास्त ठरत होते. कारण अधिकाराची जागा घराबाहेरच्या माणसाला द्यायची नाही! ज्यांनी आपल्या गुणवत्तेचे ढोल वाजवायचे आणि आरक्षणाने कार्यक्षमता बुडते म्हणून आम्हाला हिणवायचे, त्यांनी या घरातल्या आरक्षणाचाही हिशेब मांडावा.

आज काय पणाला लागले आहे?

हा सारा जुना इतिहास नाही. आपल्या देशात कारखान्यांचे आकडे 'वार्षिक उद्योग पाहणी'तून येतात. तिच्यातच ठेक्याच्या कामगारांची वेगळी नोंद असते. इसवी सन २००० च्या सुमारास पाच कामगारांमागे एक ठेक्यावर होता, आज पाचांमागे दोन आहेत. याच पाहणीनुसार निव्वळ मूल्यवाढीत, म्हणजे कारखान्याने कच्चा माल व घसारा वजा जाता जे नवे मूल्य निर्माण केले त्यात, मजुरीचा वाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३० टक्क्यांच्या आसपास होता. तो २००७-०८ च्या सुमारास १० टक्क्यांच्या आसपास आला. माणशी उत्पादकता चढत गेली आणि माणसाचा वाटा उतरत गेला.

ही पाहणी १९४८ च्या कारखाना कायद्यावर उभी राहिली. वीज वापरणारे १० किंवा बिनविजेचे २० कामगार असले की कारखाना मोजणीत. त्याखालचा छोटा यंत्रमागाचा शेड या पाहणीला दिसतच नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत कारखान्याची व्याख्या २० आणि ४० कामगारांवर नेली आहे. उंबरठा उंचावला की त्याखालचा माणूस कायद्यातून आणि मोजणीतूनही निसटण्याची भीती आहे. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी धोरण कोण आखणार?

तासांचेही तेच. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांच्याच प्रयत्नांमुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आता कुणी माणशी उत्पादकता वाढल्याचा दाखला देईल, तेव्हा आपण विचारायचे, माणशी की ताशी? तीन तास जास्त राबवून घेतले तर माणशी माल वाढणारच. ती उत्पादकता नव्हे, ती माणसाच्या आयुष्यातून काढून घेतलेली वेळ आहे.

आम्ही उत्पादकतेचे वैरी नाही. देशाचे औद्योगिकीकरण व्हावे, शेतीवरचा भार हलका व्हावा ही बाबासाहेबांचीच मागणी होती. त्याच श्रमात, त्याच सामग्रीत जास्त माल निघत असेल तर समाजाचे कल्याणच आहे. आमचे भांडण मापाशी नाही. मापात जे दडवले जाते त्याच्याशी आहे.

म्हणून त्या पाच मुलांना आम्ही जे सांगितले, तेच सर्व कामगार बांधवांना सांगतो. उत्पादकतेचा आकडा कुणी तोंडावर फेकला तर चार प्रश्न विचारा. श्रमात ठेक्याची माणसे धरली का? माणसे मोजली की तास? यंत्राचा हिशेब कुठे आहे? आणि मालाचे व कच्च्या मालाचे भाव वेगवेगळे वजा केले का? वाटाघाटीला जाताना कंपनीचा ताळेबंद सोबत घेऊन बसा. आपल्या वस्तीत कॉमर्स शिकणारी मुले-मुली आहेत, अर्थशास्त्रात पदवी घेतलेली आहेत. त्यांना विहारात बोलवा, महिन्यातला एक रविवार या वाचनाला द्या.

त्या मुलांनी पुढच्या रविवारी ताळेबंद आणायचे कबूल केले आहे. ठेकेदाराकडे काम करणारी तिघेही येणार आहेत. आमच्या हिशेबात ती पहिल्या ओळीत असतील.

जय भीम!